आधण उतरेपर्यंत

माझा धंदा असा आहे की फोन बंद ठेवला तर घरची चूल पेटायची नाही. कोल्हापुरात शाहूपुरीत माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, दोन टेबलं, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि छतापर्यंत गेलेले फायलींचे गठ्ठे. महिन्याची ११ तारीख आणि २० तारीख, या दोन तारखांच्या मधल्या फटीत मी जगतो. ११ ला जीएसटीसाठी विक्रीचा तपशील, २० ला कर भरून रिटर्न. माझे निम्मे पक्षकार मार्केट यार्डातले गूळ व्यापारी. सकाळी ते सौद्यात, म्हणजे गुळाच्या लिलावात, उभे असतात, ओटीपीचे सहा आकडे त्यांच्या फोनवर येतात आणि दहा मिनिटांत ते माझ्यापर्यंत पोचले नाहीत तर सगळं पहिल्यापासून. त्यामुळं ‘फोन बाजूला ठेवा आणि बघा आयुष्य कसं सुंदर होतं’ असं सांगणारं कुणी भेटलं की मी मनातल्या मनात विचारतो, बाबा, तुझं रिटर्न कोण भरतं?

पण खोटं कशाला बोला. कामाचा फोन मला छळत नाही. छळतो तो रात्री नऊनंतरचा. ताट समोर आलं, उजवा हात भाकरीला गेला की डावा हात आपोआप फोनला जातो. बायको म्हणते, “डाव्या हाताला उपाशी ठेवायला नको म्हणून त्याला फोन देताय काय?” समोर ताटात मटण असतं आणि मी बघत असतो दुसऱ्याच्या ताटातलं मटण, तेही बहुतेक वेळा कोल्हापुरातल्याच कुठल्यातरी खानावळीतलं.

खाली कितीही सरकवलं तरी पान संपत नाही, ही सोय २००६ साली अझा रास्किन नावाच्या अमेरिकन डिझायनरनं बनवली. पुढं त्याचं त्यालाच वाईट वाटलं आणि त्यानं ते जाहीरपणे बोलूनही दाखवलं. त्याआधी पानाच्या तळाशी ‘पुढील पान’ असं काहीतरी बटण असायचं. ते दाबायला एक क्षण लागायचा आणि नेमकं त्या क्षणात माणसाला आठवायचं की गॅसवर दूध ठेवलंय. तेवढा क्षण काढून टाकला आणि जगभरातली दुधं उतू जायला लागली. आमचे वडील सकाळी पेपर वाचायचे. शेवटच्या पानावर कुस्तीची नाहीतर फुटबॉलची बातमी असायची, ती झाली की पेपराची चौघडी घालायचे, “चला” म्हणायचे आणि उठायचे. मला ‘चला’ म्हणायची जागाच सापडत नाही.

सापडते ती एका ठिकाणी, आणि ते ठिकाण शांत बिलकूल नाही.

मामांचं गाव पंचगंगेच्या काठाला, करवीर तालुक्यातच. घरचं गुऱ्हाळ आहे. ‘आहे’ म्हणता येतंय हेच पुष्कळ. माझ्या लहानपणी थंडीत शिवारात उभं राहिलं की चारी बाजूंना धुराच्या रेघा दिसायच्या. आता शोधाव्या लागतात. ऊस कारखान्याला घातला की आपली जबाबदारी संपली, गुळाच्या दराचा काही नेम नाही आणि चुलवाणाच्या तोंडाशी उभं राहायला माणसं मिळत नाहीत. तरी मामांनी चालू ठेवलंय. दिवाळीच्या पाडव्याला यार्डात नव्या गुळाच्या सौद्यांचा मुहूर्त होतो आणि तिथनं उन्हाळा लागेपर्यंत गुऱ्हाळाचा जोर असतो. त्या दिवसांत रविवारी मी तिकडं असतो.

घाण्यातनं रस येतो, गाळून काहिलीत पडतो. काहील म्हणजे दोन माणसं आडवी झोपतील एवढी पसरट लोखंडी कढई. खाली चुलवाण, त्यात वाळलेल्या चिपाडांचा जाळ, आणि जाळ घालणाऱ्या गड्याचं तोंड कायम तांबडं. रस तापायला लागला की भेंडीचं बुळबुळीत पाणी घालतात. त्यानं रसातली सगळी घाण वर येते, ती मळी झाऱ्यानं काढत राहायची. इथपर्यंत गप्पा जोरात. कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या विहिरीचं पाणी उतरलं, कुठला पैलवान कुणाला चितपट करणार, ग्रामपंचायतीत कोण कुठल्या गटात गेला. कुणीतरी राखेत रताळी पुरून ठेवलेली असतात. मीही फोन काढतो, दोन मेसेजना उत्तरं देतो, एखादा फोटो काढतो.

बापू आमचे गुळवे. गूळ कधी झाला हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळवे, आणि त्या बाबतीत गुऱ्हाळाच्या मालकाचंही त्याच्यापुढं काही चालत नाही. सत्तरीच्या आसपासचे असतील. अंगात बंडी, कमरेला टॉवेल, दंडावर कधीकाळी उडालेल्या पाकाचे पांढरे डाग. रस आटून काकवी झाली की बापू बोलायचे थांबतात. ते थांबले की हळूहळू सगळेच थांबतात. आधी बारीक फेस असतो, मग बुडबुडे मोठे होतात, मग जड होऊन फदफदायला लागतात. रंग बदलतो. वास तर दर मिनिटाला बदलतो; आधी ओल्या उसाचा, मग खिरीसारखा, आणि शेवटी असा एक वास येतो की पोट भरलेलं असलं तरी तोंडाला पाणी सुटतं. पुस्तकाप्रमाणं हे सगळं ११८ अंश सेल्सिअसच्या जवळपास घडतं. बापूंकडं थर्मामीटर नाही. ते पळीवर थोडा पाक घेतात, गार पाण्यात सोडतात आणि दोन बोटांनी गोळी करून बघतात. गोळी पसरली की परत पळी आत. असं दोनदा, तीनदा. मग गोळी घट्ट वळते आणि बापूंचा हात वर जातो. त्यानंतर जी धावपळ होते ती बघण्यासारखी. जाळ ओढला जातो, गडी काहिलीला भिडतात, वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या पसरट हौदात, सोनेरी लाट पसरते आणि लाकडी फावडी फिरायला लागतात.

जरा आधी उतरवलं तर गूळ चिकट राहतो, रवा, म्हणजे गुळाची ढेप, नीट बसत नाही, पावसाळ्यात पाणी सुटतं. जरा उशीर झाला तर काळपट पडतो, कडवट लागतो आणि सौद्यात व्यापारी तो टोकरून बघतात आणि काही न बोलता पुढं जातात. ते काही न बोलणं फार महागात पडतं. आपल्याकडचा जुना रवा ३० किलोचा, आणि एका आधणात, म्हणजे काहिलीच्या एका खेपेत, असे कितीतरी रवे. करपलेल्या गुळाचा परत रस होत नाही.

त्या वेळी माझ्या खिशात फोन असतो. चालू असतो, रेंज असते, मधूनच थरथरतोही. मी तो काढत नाही. कुणी दटावलेलं नसतं, मी काही नेमबिम केलेला नसतो. आठवणच होत नाही. बरं, माझं तिथं कामही काही नसतं. फार तर वाफ्यात हलवायला एक फावडं हातात मिळतं आणि तेही दोन मिनिटांत कुणीतरी काढून घेतं, कारण मला जमत नाही.

आधण उतरलं की सगळे एकदम बोलायला लागतात. कोपऱ्यात चहा उकळतो, गुळाचाच. तो पिताना मला जे वाटतं त्याला समाधान म्हणायला हरकत नाही. माझ्या कष्टाचं नसतं ते, मी नुसता उभा होतो. पण वाटतं खरं. रिटर्न भरलं की पोर्टलवर हिरवी खूण येते, तेव्हा असं कधी वाटत नाही. तेव्हा मी पुढच्या पक्षकाराचं लॉगिन उघडलेलं असतं.

आकडेमोड करणाऱ्या माणसाला फरक कुठं पडला ते शोधायची खोड असते. मी बराच हुडकला. ताटासमोर बसतो तेव्हा माझं काही चुकणार आहे असं मला वाटतच नाही. भाकरी गार झाली तर गरम मिळते. बायको काय म्हणाली ते ऐकू आलं नाही तर “काय म्हणालीस?” म्हटलं की ती परत सांगते (कुठल्या सुरात, ते सोडा). आणि फोनमधलं तर काय, सगळंच परत बघता येतं. साठवायचं, थांबवायचं, मागं न्यायचं. काहिलीसमोर ती सोय नाही. गोळी वळायचं ते मिनिट आत्ता आहे आणि चहा होईपर्यंत नसणार आहे. माझे डोळे तिथं जातात ते त्याच्यामुळं. फोन नसण्याशी त्याचा संबंध नाही.

हे मला पहिल्यांदा नीट कळलं ते आईमुळं, आणि तेही फोनवरच.

अंबाबाईचा किरणोत्सव कोल्हापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. वर्षातनं दोनदा, ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. परंपरेचा हिशोब असा. प्रत्यक्षात ढग, धूळ, हवेतलं बाष्प आणि वाटेत उभ्या राहिलेल्या इमारती जेवढं जाऊ देतील तेवढं. काही वर्षी किरणं कमरेपर्यंत येतात आणि विरून जातात. सगळा खेळ थोड्या मिनिटांचा.

मी देवळात गेलो की माझं निम्मं लक्ष मागच्या धक्क्याकडं आणि निम्मं बाहेर काढलेल्या चपलांकडं. आईचे गुडघे गेल्यापासून ती जात नाही. तिला मी फोनवर लाईव्ह लावून देतो. ती डोक्यावर पदर घेते, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते आणि हात जोडून बसते. मधे दाराची बेल वाजली तर उठत नाही, मला खुणेनं पाठवते. किरणं वर सरकायला लागली की तिचे ओठ हलतात. पाच इंची पडदा, त्यावर खाली नको त्या प्रतिक्रिया धावत असतात, आणि आई मात्र थेट गाभाऱ्यात. रात्री तेवढाच भाग संगीत लावून नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. मी तिला दाखवायला गेलो तर म्हणाली, “बघितलं की मघाशी. आता कशाला परत? झालं ते.”

म्हणजे यंत्र तेच, माझ्या हातात एक करतं आणि तिच्या हातात दुसरं.

तर घरी मी फार मोठं काही केलं नाही. रात्रीच्या भाकऱ्यांना तव्यापाशी उभा राहायला लागलो. बायको थापते, मी भाजतो. वरच्या बाजूला पाणी फिरवायचं, ते सुकत आलं की उलटायची, मग तवा बाजूला करून जाळावर फुगवायची. एवढंच. पण एवढ्यात तीन वेळा अशी वेळ येते की नजर हलली तर भाकरी गेली. एकतर तडकते, नाहीतर फुगत नाही आणि मग वातड होते. दोन्ही हात गुंतलेले. आणि शेजारी एक माणूस थापत थापत दिवसभराचं सांगत असतो, ते विनासायास ऐकू येतं. भाकऱ्या होऊन ताटावर बसलो की डाव्या हाताचं काही ना काही चालूच असतं, ते नाही म्हणत नाही. पण पूर्वीपेक्षा कमी.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर हाच प्रकार. डोळ्यांदेखत म्हशीची धार काढतात, ग्लासात वरपर्यंत फेस. तो बसायच्या आत प्यायचं, नाहीतर नुसतं दूध प्यायल्यासारखं. पाहुणे आधी फोटो काढतात. काढू देत बापडे, त्यांना तो फेस घरी न्यायचाय.

याच्या उलट बाजूनं एक गोड गैरसमज आहे, तोही खोडून टाकतो. २०१९ च्या महापुराचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, “लाईट नव्हती, नेट नव्हतं, पण माणसं कशी एकमेकांत बसली होती!” हे म्हणणारा बहुतेक वेळा तिसऱ्या मजल्यावर राहणारा निघतो. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट. महामार्ग पाण्याखाली, पंपावर पेट्रोल नाही, नळाला पाणी नाही. २०२१ च्या जुलैत तर ५६ च्याही वर. मामांच्या गावात पाणी शिरलं तेव्हा म्हशी कधी सोडायच्या, कुठल्या वाटेनं न्यायच्या, हे बॅटरी संपत आलेल्या फोनवरच्या मेसेजवर ठरत होतं. त्या दिवसांत नेट गेलं म्हणून शांत वाटलं, असं त्यांच्यापुढं म्हणून बघा.

कोल्हापुरात सगळ्यात लक्ष देऊन वाचला जाणारा मेसेज कुठला, तर पावसाळ्यातला: राजाराम बंधारा इतके फूट इतके इंच, राधानगरी धरणाचा अमुक नंबरचा दरवाजा उघडला, विसर्ग १४२८ क्युसेक. राधानगरीच्या त्या सात दरवाजांना कुणी बटण दाबत नाही. पाणी ठरावीक पातळीला आलं की त्याच्याच दाबानं ते उघडतात, उतरलं की मिटतात. एकामागून एक उघडायला लागले की नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीत सामान बांधायला सुरुवात होते. तो मेसेज कुणी वरच्यावर सरकवून पुढं जात नाही. तो वाचताना माणूस पूर्ण तिथं असतो.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद. कोरोनात शाळा फोनवर आली, नंतर पोरांच्या हातातनं फोन परत निघेना, म्हणून गावानंच ठरवलं. मला ते आवडलं, मुख्य म्हणजे सगळ्या गावानं मिळून केलं म्हणून. एकट्यानं केलं असतं तर पहिल्याच आठवड्यात चेष्टा झाली असती. आमच्या मंगळवार पेठेत तसा भोंगा लावला तर तो ऐकू येईल काय, याची मला शंका आहे. फुटबॉलचा हंगाम असला तर त्या वेळी दुसरेच भोंगे चालू असतात. पण त्याच पोरांना शाहू स्टेडियमवर पेनल्टीच्या वेळी बघा. फोन कुठं गेला ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

आता गुऱ्हाळाचंच राहिलेलं सांगतो, नाहीतर मी फोनला नुसता बदनाम करतोय असं व्हायचं. मामांचा मुलगा माझ्यापेक्षा बराच लहान. त्यानं गुऱ्हाळाचे रील टाकायला सुरुवात केली. काकवीची धार, चुलवाणातला जाळ, वाफ्यातला गूळ. त्यावरनं पुण्या-मुंबईची माणसं गुळाची पावडर आणि अर्ध्या किलोची खोकी मागवायला लागली. गेल्या हंगामात सौद्यानं जेवढे दिले त्यापेक्षा जास्त पैसे त्या खोक्यांनी दिले. मामा आधी त्याला पिक्चरवाला म्हणायचे. आता पार्सलची गाडी आली की स्वतः उठून चिकटपट्टी शोधतात. आजूबाजूची गुऱ्हाळं बंद पडत असताना हे चालू आहे, त्यात त्या रीलचा वाटा आहे हे मान्य करायला पाहिजे.

बापूंची त्याला एकच अट. “तुला काय काढायचं ते काढ. घाणा काढ, मळी काढ, माझं थोबाड काढ. पर काकवी घट्टाय लागली की समोरनं बाजूला व्हायचं. तुझ्या त्या लाईटीनं मला बुडबुडा दिसत न्हाई.” त्यामुळं त्याच्या पानावर गुऱ्हाळातलं सगळं आहे, गोळी वळायचं ते मिनिट सोडून. लोक खाली विचारतात, गूळ झाला हे कळतं कसं? तो लिहितो, बघायला या. काही जण खरंच येतात, गाडीतनं उतरतात, आणि बापू गप्प झाले की आपोआप गप्प होतात.

जाईल तेव्हा मला त्याचा हिशोबही बघावा लागतो, मामेभाऊ कुठला फुकट चहा पाजतो! सुटा रवा विकला तर जीएसटी नाही. तोच गूळ खोक्यात भरून लेबल लावलं की १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के. हे काही केल्या त्याला पटत नाही.

“दादा, गूळ तोच की!”

“गूळ तोच, पण लेबल तुझं.”

बापू शेजारी बसून बिडी ओढत ऐकत होते. ५ टक्के म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं. मी सांगायच्या आतच त्यांनी हिशोब केला. “म्हंजे वीस रव्यांतला एक.” मी म्हटलं, बरोबर. बापूंनी जरा विचार केला.

“मग न्यायला गाडी त्यांची येती का आपणच पोचवायचा, वकीलसायब?”